निचऱ्याआधीचं जिप्सम: कृष्णाकाठच्या दोन एकर चोपण रानाचं प्रकरण

"हिरीचं पाणी दिलं की रान पितंय. पर पाऊस पडला की तोंड मिटून बसतंय. तू एवढं मातीचं शिकलीस, हे कसं काय ते सांग मला."

जून २०१८ मध्ये मामांनी हा प्रश्न टाकला तेव्हा मी चहा पीत होते आणि मला उत्तर येत नव्हतं. मृदाशास्त्रात एम.एस्सी. करून पाच वर्षं झाली होती. विहिरीचं पाणी मचूळ, पावसाचं गोड. मग जमिनीनं गोड पाणी नाकारून मचूळ का प्यावं? त्या दिवशी मी काहीतरी गोलमोल बोलून वेळ मारून नेली. पण त्याच प्रश्नात या रानाचं सगळं दुखणं होतं, आणि ते कळेपर्यंत मामांचे बरेच पैसे मातीत गेले होते.

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं हे रान. ओढ्याला लागून असलेला दोन एकरांचा तुकडा, घरात त्याला "ओढ्याकडचं" म्हणतात. मामांच्या आजोबांच्या काळात तिथं पावसावर शाळू आणि हरभरा यायचा. पावसाळ्यात पोटभर पाणी पिऊन घ्यायचं आणि रब्बीभर ते पिकाला पुरवायचं, हा काळ्या भारी जमिनीचा मूळ स्वभाव. पुढं उपसा योजनेचं पाणी आलं, विहीर झाली, ऊस आला. तीसेक वर्षं उसावर ऊस, खोडव्यावर खोडवा, मोटर सुरू करून दंड फोडून द्यायचा आणि घरी यायचं. योजनेचं पाणी कमी पडलं की विहिरीचं.

पहिली खूण केवड्याची. उसाची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या. मग मधेमधे उगवणच न झालेले टक्कल पडल्यासारखे पट्टे. वाळल्यावर रानावर काळपट, तेलकट खपली धरायची. नांगरट केली की डोक्याएवढी ढेकळं निघायची, रोटर मारला तर त्यांच्या गोट्या व्हायच्या, पण माती काही व्हायची नाही. २०१७-१८ च्या हंगामात एकरी १८ टन ऊस निघाला. शेजारच्या वरच्या रानात त्याच बेण्याला, त्याच खताला ४५.

केलेले उपाय, आणि त्यांचा हिशेब

मामा स्वस्थ बसलेले नव्हते. २०१६ च्या उन्हाळ्यात कुणीतरी सांगितलं, चिकण माती आहे, वाळू-मुरूम मिसळा, मोकळी होईल. मामांनी दोन एकरांत २० ब्रास माल आणून पसरला.

हा सल्ला इतक्या ठिकाणी ऐकू येतो की त्याचं गणित एकदा मांडून ठेवायला हवं. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. वरचा फक्त अर्धा फूट थर धरला तर २१,७८० घनफूट, म्हणजे जवळपास २१८ ब्रास माती. त्यात एकरी १० ब्रास वाळू म्हणजे पाच टक्केही नाही. या रानात चिकणकणांचं प्रमाण पुढे ५८ टक्के निघालं. ते ३० टक्क्यांवर आणायचं तर जवळजवळ मातीइतकीच वाळू घालावी लागेल, एकरी २०० ब्रास. पाच ब्रासचा डंपर धरला तर एका एकराला चाळीस खेपा, आणि तेही अर्ध्या फुटापुरतं. थोडी वाळू घातली तर फायदा थोडा होतो असंही नाही. वाळूच्या दाण्यांमधल्या मोकळ्या जागा चिकणमाती भरून टाकते आणि वाळल्यावर वीट होते. कुंडीत वाळू मिसळणं वेगळं, रानात वेगळं.

२०१७ मध्ये जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचं खनिज. औषध बरोबर होतं. मात्रा होती १६ पोती, म्हणजे एकरी ४०० किलो, आणि ते टाकलं होतं पाणी साचणाऱ्या रानात. त्याचा गुण शून्य आला, आणि "जिप्सम आमच्या रानाला लागू होत नाही" हे मामांच्या मनात पक्कं बसलं. पुढं मला सगळ्यांत जास्त वेळ हे मत बदलायला लागला.

तिसरा उपाय म्हणजे खोल नांगरट. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वरून वाफसा (मशागतीजोगी बेताची ओल) दिसत होता पण खाली चिंब ओल होती अशा वेळी, मोठा ट्रॅक्टर घातला. ओल्या चिकणमातीवरून फाळ गेला की ती कापली जात नाही, लिंपली जाते. भिंतीला गिलावा करावा तशी. चाकांचं वजन वेगळंच. नऊ-दहा इंचांवर एक घट्ट, गुळगुळीत थर तयार झाला. तो आम्हाला खड्ड्यात दिसला.

खड्डा आणि पेला

नोव्हेंबर २०१८ मध्ये आम्ही त्या रानात साडेचार फूट खोल खड्डा घेतला. वरचे चार इंच खपली आणि चपटे पापुद्रे. त्याखाली नांगराचा घट्ट थर, आणि उसाच्या मुळ्या तिथं येऊन आडव्या वळलेल्या. दीड फुटाखाली मोठमोठी ढेकळं, त्यांच्या बाजू तिरक्या आणि आरशासारख्या चकचकीत. माती फुगताना एक गठ्ठा दुसऱ्यावर घासून सरकतो, त्याच्या या खुणा. तीन फुटांवर चुनखडीचे खडे भरपूर. चार फुटांवर पाणी. रात्रीत ते वर चढून सकाळी सव्वातीन फुटांवर आलं.

मामांकडे मृदा आरोग्य पत्रिका होती. २०१५ पासून देशभर ही पत्रिका दिली जाते आणि तिच्यात बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू (आम्ल-विम्लतेचा आकडा, pH), विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब. चांगली सोय आहे. पण चोपण जमीन जिच्यावरून ओळखायची ती गोष्ट, म्हणजे मातीला चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण, त्या बारांत नाही. ती तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. मामांच्या पत्रिकेत सामूच्या पुढं आकडा होता आणि त्याखाली खतांची शिफारस. रानाला दम लागलाय आणि आपण त्याला टॉनिक लिहून देतोय, असला प्रकार.

नमुने प्रयोगशाळेत पाठवले आणि निकाल येईपर्यंत पडवीत एक प्रयोग मांडला. याला खर्च काही नाही. पावसाचं साठवलेलं पाणी (नसेल तर बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी), काचेचे दोन पेले आणि त्या रानातलं हरभऱ्याएवढं वाळकं ढेकूळ. ढेकूळ पाण्यात अलगद सोडायचं, हलवायचं नाही. चांगल्या जमिनीचं ढेकूळ फुटलं तरी त्याचे तुकडे तळाशी पडतात आणि पाणी स्वच्छ राहतं. ओढ्याकडच्या ढेकळाभोवती दहा मिनिटांत दुधासारखं वलय धरलं आणि तासाभरात सगळा पेला गढूळ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही गढूळच. मग त्यात चिमूटभर जिप्सम टाकून ढवळलं. काही मिनिटांत कणांचे पुंजके होऊन खाली बसायला लागले आणि अर्ध्या तासात पाण्यातून पेल्यामागची भिंत दिसू लागली. मामा पेल्याकडं बघत राहिले. "मग रानात का न्हाई झालं असं?" म्हणाले. प्रश्न रास्त होता. ढेकूळ पाण्यात टाकून बघायची ही पद्धत मृदाशास्त्रज्ञ एमर्सन यांनी १९६७ मध्ये नीट बसवली, आणि माझ्या मते शेतकऱ्याला पहिल्यांदा शिकवायची मातीची चाचणी हीच.

प्रयोगशाळेचे आकडे आले. सामू ९.०. विद्युतवाहकता १.३ डेसिसायमन प्रति मीटर, म्हणजे मोकळे क्षार फार नाहीत. चिकणकण ५८ टक्के. मुक्त चुना १४ टक्के. मातीची धनभार धरून ठेवण्याची क्षमता १०० ग्रॅमला ५४ मिलीइक्विव्हॅलंट, आणि त्यातल्या १० जागांवर सोडियम बसलेलं. म्हणजे साडेअठरा टक्के. जमीन खारवट नाही, चोपण आहे. खारवट जमिनीत मीठ पाण्यात असतं, ते धुतलं की जातं. चोपण जमिनीत ते मातीच्या कणालाच धरून बसलेलं असतं. खारवट समजून नुसतं पाणी सोडून धुवायला गेलं तर चोपण जमीन आणखी बिघडते.

पोळ्यांची चवड

इथं थोडं कणाच्या आत जावं लागेल.

चिकणकण म्हणजे ०.००२ मिलिमीटरहून बारीक कण. पण नुसत्या बारीकपणानं सगळं कळत नाही, कारण रत्नागिरीच्या जांभ्या मातीतही चिकणकण भरपूर असतात आणि तिथं हाताएवढ्या भेगा पडत नाहीत. फरक रचनेत आहे. दख्खनच्या काळ्या कातळाची, बेसाल्टची, झीज होऊन जी काळी माती झाली तिच्यातलं मुख्य खनिज स्मेक्टाइट गटातलं. त्याचा एक पदर पुरणपोळीसारखा: वर आणि खाली सिलिकाचा पापुद्रा, मध्ये ॲल्युमिनियमचं पुरण. अशा असंख्य पोळ्यांची चवड म्हणजे एक कण. पोळीला पोळी घट्ट चिकटलेली नसते. मध्ये पाणी शिरतं, चवड उंच होते, माती फुगते. पाणी निघून गेलं की चवड बसते, भेग पडते. जांभ्या मातीतल्या केओलिनाइटमध्ये सिलिकाचा एकच पापुद्रा आणि ॲल्युमिनियमचा एक, आणि पदर एकमेकांना पक्के धरलेले. पाण्याला आत वाट नाही, म्हणून ती फुगत नाही.

या पोळ्यांचा पृष्ठभाग किती असावा? एका ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटमध्ये आतले-बाहेरचे पदर धरून ७०० ते ८०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. चिमटीत मावेल एवढ्या मातीत सात-आठ गुंठे! हे मामांना सांगितल्यावर ते म्हणाले, "मग सात-बाऱ्यावर चढवून घे की." पण खतं, पाणी, चुना, सोडियम यांचा सगळा व्यवहार याच अदृश्य गुंठ्यांवर चालतो.

खनिज तयार होताना सिलिकॉनच्या काही जागांवर ॲल्युमिनियम आणि ॲल्युमिनियमच्या काही जागांवर मॅग्नेशियम बसलेलं असतं. त्यामुळं पदरावर ऋणभार शिल्लक राहतो आणि तो फेडायला धनभाराचे कण जवळ येऊन बसतात. कॅल्शियमवर दोन भार. तो दोन पदरांमध्ये बसून दोघांनाही जवळ धरतो. पदर जुळून गठ्ठे होतात, गठ्ठ्यांचे दाणे होतात, दाण्यांमधून हवा-पाणी खेळतं. सोडियमवर एकच भार, आणि तो स्वतःभोवती पाण्याचं कवच घेऊन सैल बसतो. त्याचं प्रमाण वाढलं की पदर एकमेकांपासून सुटतात, चवड विस्कटते. सुटलेले पदर पाण्याबरोबर खाली जाऊन बारीक छिद्रांत अडकतात आणि जमिनीचं तोंड बंद होतं. म्हणजे चिकणमाती वाईट नसते. तिच्या पदरांत कोण बसलंय यावर सगळं ठरतं.

आणि मामांचा प्रश्न? पाण्यात मीठ बऱ्यापैकी असलं तर सोडियम भरलेले पदरही जवळ दाबले जातात, सुटत नाहीत. विहिरीचं पाणी मचूळ असल्यामुळं त्यात माती दाण्यांत राहायची आणि पाणी मुरायचं. पावसाचं पाणी म्हणजे जवळपास शुद्ध. मीठ पातळ झालं की त्याच क्षणी पदर सुटे. क्विर्क आणि स्कोफिल्ड या मृदाशास्त्रज्ञांनी १९५५ मध्येच दाखवलं होतं की जमिनीत सोडियम जितकं जास्त तितकी ती मोकळी राहायला पाण्यात क्षारांची किमान मात्रा जास्त लागते. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. रानात समोर आल्यावर ओळखलं नाही.

रोगाचं मूळही तिथंच सापडलं. विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त होतं. असं पाणी रानात सुकलं की मातीतला उपयोगी कॅल्शियम चुना बनून खाली बसतो आणि सोडियमला जागा मोकळी होते. जे पाणी रान "पीत" होतं त्यानंच ते चोपण केलं होतं. वर पाण्याची पातळी चार फुटांवर, त्यामुळं उन्हाळ्यात क्षार पुन्हा वर ओढले जायचे.

आधी वाट

आता पेल्यातलं जिप्सम आणि रानातलं जिप्सम यांतला फरक. जिप्सममधला कॅल्शियम पदरातल्या सोडियमला उठवतो आणि जागा घेतो. उठलेलं सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्यात येतं. ते पाणी मुळांखालून निघून गेलं नाही तर सोडियम परत येऊन बसतं. शिवाय जिप्सम विरघळतं थोडं, लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास.

मात्रेचा हिशेब असा. अर्धा फूट थरातला १०० ग्रॅममागे १ मिलीइक्विव्हॅलंट सोडियम उठवायला एकरी साधारण पाऊण टन शुद्ध जिप्सम. आम्हाला १० पैकी ५ उठवायचं होतं. म्हणजे पावणेचार टन. बाजारातला माल ८० टक्के शुद्ध धरला तर पावणेपाच टन. मामांनी टाकलं होतं ४०० किलो. आणि पावणेचार टन जिप्सम विरघळवायला कागदावर १५ लाख लिटर पाणी, एकरावर सुमारे १५ इंच. एवढं पाणी वरून खाली जायला हवं. चार फुटांवर पाणी उभं असलेल्या रानात ते जाणार कुठं?

"पण मातीत चुना आहे म्हणतेस, १४ टक्के. मग विकत कशाला?" मामांचा पुढचा प्रश्न. त्या अर्ध्या फुटात एकरी शंभर टनांहून जास्त चुना आहे खरा, पण नऊ सामूला तो जवळजवळ विरघळतच नाही. तो तिजोरीत आहे, किल्ली आम्लाची. गंधक टाकलं तर जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि त्यानं चुना सुटतो. मुळं आणि कुजणारा पाला कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यानंही थोडा सुटतो. म्हणून हिरवळीचं खत. कोकणातल्या आंबट जमिनीला चुना टाकतात ते ऐकून इथंही चुना टाकणारे भेटलेत. त्यांना हात जोडावेत.

निचरा करायचं ठरलं आणि खरी अडचण आली ती रसायनाची नव्हती. पाइप रानात घालता येतात, पण त्यांचं तोंड कुठं उघडणार? ओढा गाळानं आणि झुडपांनी इतका भरला होता की त्याचा तळ आमच्या रानाहून जेमतेम दोन फूट खाली. सुमारे ३०० मीटर ओढा खोल करायचा तर तीन बांधांचे मालक तयार हवेत. दोघे लगेच तयार झाले. तिसऱ्यांचं म्हणणं, तुमचं खारं पाणी माझ्या रानाशेजारून कशाला? त्यांच्या घरी आम्ही चार वेळा गेलो. शेवटी मामी गेली आणि काम झालं. ती काय बोलली ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

मोल निचरा स्वस्त पडतो. ट्रॅक्टरमागं गोळीच्या आकाराचं टोक ओढून दीड-दोन फुटांवर मातीतच बोगदा करायचा. चिकण मातीत तो टिकतो. पण सोडियमनं विस्कटलेल्या मातीत त्याची भिंत ढासळते. म्हणून इथं तो नको असं मी म्हटलं, आणि खर्च वाढवल्याबद्दल घरात माझी थोडी अप्रियताही झाली. एप्रिल-मे २०१९ मध्ये गाळणीचं कापड गुंडाळलेले ८० मिलिमीटरचे सच्छिद्र पाइप सव्वा मीटर खोल, २५ मीटर अंतरानं घातले. चार ओळी, खालच्या बाजूला एक जोडपाइप, तोंड ओढ्यात. खर्च त्या रानाच्या एका वर्षाच्या उसापेक्षा जास्त गेला.

जिप्सम त्याच वर्षी घालायचं होतं, पैसे उरले नाहीत म्हणून राहिलं. त्यामुळं २०१९ चा पावसाळा नुसत्या निचऱ्यावर गेला आणि एक गोष्ट फुकटात कळली. पाइपातून पाणी येत होतं, पण बोटभर धार. भूजल खाली गेलं, वरचं पाणी मात्र रानावर तसंच तीन-तीन दिवस तळं करून उभं. वरचं तोंडच बंद, तर खालच्या वाटेचा उपयोग काय! जिप्सम एकट्यानं हरलं होतं, पाइपही एकटा हरला. ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, रान आठ-दहा दिवस पाण्याखाली होतं. पूर ओसरल्यावर दोन बोटं पोयटा बसलेला दिसला.

मे २०२० मध्ये टाळेबंदीतून वाट काढत जिप्समची गाडी उशिरा आली. एकरी पावणेपाच टन पसरून फक्त वरच्या चार-पाच इंचांत मिसळलं. खोल गाडायचं नाही, तोंड वरचं उघडायचं आहे. त्याआधी वाळलेल्या रानात, पूर्ण वाळलेल्याच, नांगराचा घट्ट थर सबसॉयलरनं फोडला. बांध नीट करून पाऊस रानातच अडवला. जूनमध्ये हिरवळीच्या खताचा धैंचा पेरला. तागही चालतो, पण चोपण आणि चिबड (पाणी साचून राहणाऱ्या) रानात धैंचाच तग धरतो. सातेक आठवड्यांनी, फुलाला यायच्या सुमारास, तो गाडला.

जुलैच्या दुसऱ्या पावसात पाइपाच्या तोंडाला पहिल्यांदा मनगटाएवढी धार लागली. मामांनी बोट बुडवून चाखलं. खारट. त्या पावसाळ्याच्या शेवटी ओढ्यातल्या दगडांवर पांढरं फुटलं होतं, आणि जे आमच्या रानात होतं ते आता तिथं आहे ही गोष्ट मला आजही पूर्ण आवडत नाही. ते पाणी शेवटी कृष्णेतच जातं.

चुका आणि आकडे

रब्बीत ऊस न लावता गहू घेतला. गव्हाला सोडियम थोडं सोसतं आणि पाणी कमी लागतं. विहिरीचं पाणी देताना दंडात जिप्समची सच्छिद्र पोती आडवी ठेवून त्यावरून पाणी जाऊ दिलं, आणि शक्य तिथं योजनेचं पाणी आलटून पालटून वापरलं.

जुलै २०२१ च्या पुरानं पाइपाचं तोंड गाळानं बुजवलं. ते ऑक्टोबरपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. त्यात लावणीच्या घाईनं मामांनी पुन्हा ओल्यातच रोटर घातला. "वरनं वाफसा होता की," म्हणाले. वरून होता. मूठभर माती सहा इंचांवरून घेऊन दाबावी, बोटानं ढकलल्यावर गोळा फुटला तर वाफसा, वळी झाली तर घरी जावं. या एका दिवसाच्या घाईनं वर्ष मागं गेलो. २०२२ मध्ये तोंड खोदून मोकळं केलं, त्याला जाळी बसवली, खराब पट्ट्यांत जिप्समचा दुसरा हप्ता दिला, पुन्हा धैंचा. तिथून पुढं पाचट जाळणं बंद. ते सरीत कुजू द्यायचं.

सोडियमचं प्रमाण २०१८ ला साडेअठरा टक्के होतं, २०२१ च्या सुरुवातीला १२, आणि २०२३ च्या शेवटी साडेसात. सामू ९.० वरून ८.४. दोन्ही टोकं कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत ठोकून त्यात एक इंच पावसाचं पाणी ओतायचं आणि घड्याळ लावायचं, ही आमची घरगुती चाचणी. २०१८ मध्ये ते पाणी दीड दिवस उभं होतं. २०२३ मध्ये पाच तासांत मुरलं. २०२३-२४ च्या गाळपाला ऊस एकरी ३८ टन गेला. वरच्या रानाची बरोबरी अजून नाही.

यातलं किती जिप्समचं, किती पाइपाचं, किती पुराच्या पोयट्याचं आणि किती नुसतं विहिरीचं पाणी कमी केल्याचं, ते मला सांगता येणार नाही. तुलनेसाठी एक तुकडा तसाच ठेवू या, असं मी २०१९ मध्ये सुचवलं होतं. ज्याचं पोट रानावर आहे त्यानं "एक तुकडा नापीकच राहू दे" याला हो म्हणावं ही अपेक्षाच चूक होती.

साडेसातवर थांबावं का, यावर माझं आणि एका सहकाऱ्याचं अजून जमत नाही. पुस्तकातली चोपणपणाची रेघ १५ टक्क्यांची आहे. ती अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेनं १९५४ मध्ये घातली. पण विदर्भातल्या पूर्णा खोऱ्याच्या काळ्या जमिनींत नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्युरोच्या शास्त्रज्ञांना ५ टक्क्यांपासूनच पाण्याची वाट आवळलेली दिसली. स्मेक्टाइट भरलेल्या मातीला १५ ची रेघ फार ढिली आहे, या बाजूची मी आहे. म्हणून पुढच्या मे महिन्यात आणखी एक हलका हप्ता द्यावा असं माझं म्हणणं. मामांचं म्हणणं, आधी ओढा पुन्हा उपसू.

ईशान्येच्या कोपऱ्यात अजून सातेक गुंठ्यांत केवडा पडतो. तिथला पाइप कुठंतरी दबलाय असा संशय आहे, खणून बघितलेलं नाही. दर जूनला पहिल्या पावसाचं पागोळीचं पाणी मामी भांड्यात धरते आणि मामा पडवीत चार पेले मांडतात, रानाच्या चार कोपऱ्यांचे. गेल्या वेळी सकाळी तीन पेल्यांतलं पाणी नितळ होतं. चौथा गढूळ. मामांनी तो ओतला नाही, मी येईपर्यंत तसाच झाकून ठेवला होता.